ईबीएस बेंच : प्रकल्पाच्या नोंदी

५ फेब्रुवारी

आज व्याप्ती नक्की झाली. दोन ॲक्सलचं ट्रॅक्टर-युनिट आणि त्यामागे तीन ॲक्सलचा सेमी-ट्रेलर, दोन्हींवर ईबीएस, म्हणजे हवेच्या ब्रेकचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. ट्रॅकवर नेण्याआधी जास्तीत जास्त गोष्टी सिम्युलेशनमध्ये तपासायच्या, म्हणजे बेसॉल्टच्या निसरड्या पट्ट्यावर पाणी मारून वाट बघण्याचे तास वाचतील.

चर्चेचा बहुतेक वेळ 'खरं काय आणि गणितात काय' यावर गेला. मध्यवर्ती ईसीयू (ब्रेकचा नियंत्रक संगणक), पेडलचं मॉड्यूल, पुढच्या ॲक्सलचा प्रपोर्शनल रिले व्हॉल्व्ह आणि त्यापुढचे दोन एबीएस व्हॉल्व्ह (चाक लॉक होऊ न देणारे), मागच्या ॲक्सलचा मॉड्युलेटर (दाब कमी-जास्त करणारा), ट्रेलर कंट्रोल मॉड्यूल, हे सगळं बेंचवर, म्हणजे चाचणीच्या मांडणीवर, खरं बसवायचं. हवाही खरी, ब्रेकचे चेंबर (हवेचा दाब घेणारे) आणि कॅलिपरही (डिस्कवर पॅड दाबणारे) खरे. गाडीची हालचाल, टायर, रस्ता आणि चालक तेवढे गणितात. मागच्या मॉड्युलेटरचीही नक्कल करावी असा एक सूर होता, पण त्याच्या पोटात स्वतःचा प्रोसेसर आणि प्रेशर सेन्सर असतात आणि तो ईसीयूशी खाजगी कॅनवर (गाडीतल्या भागांना जोडणाऱ्या डेटा-लाइनवर) बोलतो. त्याची नक्कल करत बसण्यापेक्षा तो विकत घेऊन बोल्टाने आवळणं स्वस्त.

याला समांतर दुसरी वाट: तेच कंट्रोल सॉफ्टवेअर पीसीवर कंपाइल करायचं, हवासुद्धा गणितात घ्यायची आणि रात्रभर धावा करायच्या. बेंच थोड्या पण विश्वासाच्या धावा देईल, पीसी ढिगाने देईल. पीसीच्या ढिगाला किंमत कधी? बेंचशी त्याचं उत्तर जुळलं तर. म्हणून आधी बेंच.

९ फेब्रुवारी

ईसीयूला वीज दिली. फॉल्ट कोडची रांग लागली, ती अपेक्षितच होती. या कामात पहिले काही दिवस आपण ईसीयूची परीक्षा घेत नसतो, ईसीयू आपली घेत असतं.

सर्वात आधी व्हील स्पीड सेन्सर. खरा सेन्सर म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तारेची कॉइल आणि समोर फिरणारी दातेरी चकती. ट्रकमध्ये त्या चकतीला बहुधा १०० दाते असतात. चावी फिरवताच ईसीयू त्या कॉइलचा रोध मोजून बघतं. सिग्नल जनरेटरला तसा रोध नव्हता, म्हणून सगळ्या चाकांवर 'तार तुटली' असा कोड. प्रत्येक चॅनलवर ट्रान्सफॉर्मर आणि योग्य रोध लावल्यावर ते गेले. नुसती वारंवारिता देऊनही भागत नाही. अशा सेन्सरचा व्होल्टेज वेगासोबत वाढतो, त्यामुळे ॲम्प्लिट्यूडही वेगाशी बांधावा लागला. अर्धा मीटर त्रिज्येचं चाक ६० किमी/तासाला साधारण ५३० हर्ट्झ देतं आणि ५ किमी/तासाला जेमतेम ४४. खालच्या टोकाला सिग्नल इतका लहान होतो की ईसीयूचं इनपुट त्याला कधी दाता समजतं, कधी कचरा. खऱ्या गाडीतही हेच होतं. तेव्हा बेंचवर सिग्नल 'स्वच्छ' करायचा मोह टाळायचा, हे फलकावर लिहून ठेवलं.

मग उरलेली कॅनवरची मंडळी. इंजिन, गिअरबॉक्स, रिटार्डर (चाकांच्या ब्रेकला मदत करणारा पूरक ब्रेक) यांचे जे१९३९ (ट्रकमधल्या कॅनचं प्रमाण) संदेश नाहीत म्हणून तक्रारी. रिटार्डरचा संदेश १०० मिलिसेकंदाला एकदा हवा असतो. तो नसेल तर ईबीएस ब्रेकचं वाटप रिटार्डरशिवाय करतं आणि आपल्याला वाटतं वाटपाचा तर्कच असा आहे. यॉ-रेट (गाडी उभ्या अक्षाभोवती वळण्याची गती) आणि स्टिअरिंग कोनाच्या संदेशांत चालता काउंटर आणि चेकसम असतो, तोही पाळला.

१४ फेब्रुवारी

हवेचा पुरवठा. कारखान्याच्या मोठ्या कॉम्प्रेसर लाइनवरून बेंचला थेट हवा द्यावी असा प्रस्ताव आला. सोयीचा आहे आणि चुकीचाही. गाडीत प्रत्येक सर्किटला ठरावीक आकाराची टाकी असते. एबीएस चालू झालं की प्रत्येक आवर्तनात थोडी हवा बाहेर फेकली जाते आणि लांबलचक निसरड्या उतारावर टाकीतला दाब उतरत जातो. कधीच न संपणाऱ्या लाइनवर हा उतार दिसणारच नाही आणि निकाल गोड येईल. म्हणून खऱ्या मापाच्या टाक्या बसवायच्या, धाव सुरू होताच पुरवठ्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि गाडीतल्या कॉम्प्रेसरची भर मॉडेलमधून मोजून सोडायची.

पाइपांच्या लांबीवरही वाद झाला. बेंच आटोपशीर दिसावं म्हणून नळ्या आखूड कापल्या होत्या. दाबाची चाहूल हवेत फार तर ध्वनीच्या वेगाने पुढे जाते. म्हणजे १० मीटर नळीला साधारण ३० मिलिसेकंद, आणि ते फक्त पहिली चाहूल पोचायला. दाब भरायला याहून खूप जास्त. खऱ्या लांबीच्या नळ्यांची वेटोळी करून मागे टांगली. दिसायला वाईट आहे.

२० फेब्रुवारी

पेडलला झटका देऊन दाबाचे आलेख घेतले. यूएन नियम १३ (जड गाड्यांच्या ब्रेकचा आंतरराष्ट्रीय नियम) ची कसोटी अशी: पेडल ०.२ सेकंदात पूर्ण दाबल्यावर सर्वात गैरसोयीच्या ब्रेक चेंबरमधला दाब अंतिम दाबाच्या ७५ टक्क्यांवर ०.६ सेकंदात पोचला पाहिजे. ट्रेलरकडे जाणाऱ्या कंट्रोल लाइनच्या टोकाला १० टक्के ०.२ सेकंदात आणि ७५ टक्के ०.४ सेकंदात. आपण सगळीकडे आत आहोत.

आलेखाचा आकार मात्र बघण्यासारखा. दाब चढतो, मग खालीच काही काळ सपाट रेंगाळतो आणि त्यानंतर एकदम वर जातो. त्या सपाट भागात पुशरॉड सरकत असतो, पॅड आणि डिस्कमधली फट भरत असते, चेंबरचं आकारमान वाढत असतं. म्हणून हवा जाते पण दाब वाढत नाही. खरे कॅलिपर लावायचा हट्ट याचसाठी होता. स्प्रिंग आणि ठोकळ्यावर चेंबर ढकलला असता तर ही पायरी वेगळ्या जागी आली असती आणि एबीएसच्या पहिल्या आवर्तनाचा सगळा हिशोब बदलला असता.

२६ फेब्रुवारी

गाडीचं मॉडेल जोडून पहिला पूर्ण थांबा. ६० वरून छान खाली आली आणि शेवटच्या टप्प्यात चाकं थरथरायला लागली. वेगाच्या आलेखात कंगवा. ईसीयूने तो कंगवा खरा मानला आणि १० किमी/तासाच्या आसपास एबीएसची टकटक सुरू केली.

कारण जुनंच आहे, पण आकड्यात मांडून ठेवतो, कारण नव्या माणसाला ते दर वेळी समजावावं लागतं. टायरची घसरण म्हणजे गाडीचा वेग आणि चाकाचा परिघीय वेग यांतला फरक भागिले गाडीचा वेग. वेग शून्याकडे गेला की छेद शून्याकडे जातो. चाकाचं जडत्व १० किलोग्रॅम-वर्ग मीटर, टायरचा घसरणीतला ताठपणा ३ लाख न्यूटन आणि त्रिज्या अर्धा मीटर धरली, तर चाक आणि टायर या जोडीचा कालांक (बदल किती वेळात उमटतो त्याचं माप) म्हणजे १० गुणिले वेग भागिले ७५,०००. सेकंदाला १० मीटर वेगाला तो १.३ मिलिसेकंद येतो, १ मीटरला ०.१३. आपली गणनेची पायरी १ मिलिसेकंदाची. साध्या ऑयलर पद्धतीत (आत्ताच्या चढावरून पुढच्या पायरीचं मूल्य काढायचं) पायरी कालांकाच्या दुपटीपेक्षा मोठी झाली की उत्तर उडतं. म्हणजे सेकंदाला ३.७५ मीटरच्या, सुमारे साडेतेरा किमी/तासाच्या खाली हे मॉडेल अस्थिर होणारच होतं.

बैठकीत एक मुद्दा निघाला की १५ किमी/तासाच्या खाली चाक लॉक झालं तरी नियम १३ ला चालतं, मग इतका खटाटोप कशाला? मला हा युक्तिवाद मान्य नाही. ईसीयू गाडीचा वेग कुठेही थेट मोजत नाही, चाकांच्या वेगांवरून अंदाज बांधतं. शेवटच्या मीटरमध्ये त्याला कचरा दिला की थांबण्याचं अंतर, हिल-होल्ड (चढावर गाडी धरून ठेवणं), पुढच्या धावेची सुरुवात असं सगळंच गढूळ होतं.

उपाय तीन, तिन्ही एकत्र: चाक आणि टायरचा भाग ०.१ मिलिसेकंदाच्या उपपायरीने चालवला, टायरला रिलॅक्सेशन लांबी दिली म्हणजे बल क्षणात न उमटता चाक थोडं फिरल्यावर उमटतं, आणि अगदी खालच्या वेगाला स्प्रिंग-डॅम्परच्या 'चिकटलेल्या' मॉडेलवर उडी मारली. कंगवा गेला. थांबल्यावर गाडी किंचित मागे झुकून स्थिरावते, तेही आता दिसतं.

४ मार्च

सरळ रेषेतला थांबा, पूर्ण भार, इंजिन सुटं, ब्रेक थंड. नियमाचं सूत्र: अंतर जास्तीत जास्त ०.१५ गुणिले वेग अधिक वेगाचा वर्ग भागिले १३०, वेग किमी/तासात. ६० ला ३६.७ मीटर. सरासरी पूर्ण विकसित मंदन किमान ५ मीटर प्रति सेकंद वर्ग.

बेंच आरामात पास. या निकालावर आनंद मानू नये, कारण यात ईबीएसची परीक्षा फारशी नाही. ब्रेक फॅक्टरसाठी (किती दाबाला किती ब्रेकबल) आपण डायनॅमोमीटरचा जो आकडा भरला तोच फिरून बाहेर आला आहे. मला यातून हवा होता तो भाराचा सरकाव. १६ टनी गाडी, गुरुत्वमध्य १.४ मीटर उंच, ॲक्सलांमधलं अंतर ४ मीटर, मंदन ५ असं धरलं तर पुढच्या ॲक्सलवर २८ हजार न्यूटन म्हणजे जवळजवळ २.९ टन जास्त येतात. नुसत्या ट्रकसाठीचा हा हातचा हिशोब आणि मॉडेलचा निकाल जुळतो. ट्रेलर जोडल्यावर किंग-पिनवरचा (ट्रेलर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या खुंटीवरचा) भारही हलतो आणि चित्र गुंतागुंतीचं होतं, पण तिथेही चिन्हं तरी बरोबर आहेत.

११ मार्च

स्प्लिट-म्यू. म्यू म्हणजे घर्षणाचा गुणांक, इथे 'पकड'. एका बाजूची चाकं चांगल्या पकडीवर, दुसऱ्या बाजूची निसरड्यावर. या प्रकल्पातला सर्वात रंजक आणि सर्वात फसवा भाग.

नियम असा. सुरुवातीचा वेग ५० किमी/तास, चांगल्या बाजूची पकड किमान ०.५ आणि ती वाईट बाजूच्या किमान दुप्पट. भरलेल्या गाडीचा ब्रेकिंग रेट (मंदन भागिले गुरुत्वत्वरण) वाईट बाजूच्या पकडीहून कमी नको, आणि चारपट वाईट अधिक एकपट चांगली भागिले पाच, त्याच्या ०.७५ पटीहूनही कमी नको. उदाहरणार्थ ०.६ आणि ०.२ असेल तर किमान ०.२१. चालकाने स्टिअरिंग पहिल्या दोन सेकंदांत १२०° आणि एकूण २४०° पेक्षा जास्त फिरवलं तर नापास.

मंदनाची अट आपण ओलांडतो. खरी गोष्ट स्टिअरिंगची. दोन्ही पुढच्या चाकांना आपापल्या पकडीएवढा दाब लगेच दिला तर गाडी क्षणात चांगल्या बाजूकडे वळेल. म्हणून ईसीयू चांगल्या बाजूचा दाब मुद्दाम हळूहळू वाढू देतं. थांबण्याचं अंतर थोडं वाढतं, पण चालकाला सावरायला वेळ मिळतो. हा सौदा किती वेळाचा करायचा हे कॅलिब्रेशनचं (ईसीयूतले आकडे ठरवण्याचं) मर्म आहे. नेमकं तेच तपासताना आपल्याकडे माणूस नाही, चालकाचं मॉडेल आहे!

आपलं चालकाचं मॉडेल म्हणजे मार्गापासूनच्या विचलनावर चालणारा एक नियंत्रक. त्याला प्रतिक्रियेचा उशीर नाही, तो घाबरत नाही, त्याचे हात थकत नाहीत. पहिल्या धावेत त्याने इतक्या थोड्या अंशांत गाडी सरळ ठेवली की कॅलिब्रेशनवाल्यांनी लगेच दाब आणखी जलद वाढवायची मागणी केली. ती अडवली. आधी चालकाला उशीर आणि स्टिअरिंग फिरवण्याच्या गतीला मर्यादा घातली. मग स्टिअरिंगच्या जोडण्यांतली लवचिकता मॉडेलमध्ये आणली, कारण डाव्या-उजव्या ब्रेकबलाचा फरक पुढच्या चाकांच्या किंग-पिनच्या (चाक ज्याभोवती वळतं ती खिळी, ट्रेलरची नव्हे) भूमितीतून चालकाच्या हाताला ओढतो आणि चाकंही थोडी स्वतःहून वळतात. हे सगळं घातल्यावर तेच कॅलिब्रेशन काठावर आलं.

या चाचणीत सिम्युलेशन 'अ' कॅलिब्रेशन 'ब' पेक्षा बरं की वाईट हे सांगू शकतं, आणि तेही विश्वासाने. '१२० अंशांच्या आत आहे' हे वाक्य मात्र त्याच्या तोंडी शोभत नाही. अहवालात हे असंच लिहिणार.

१८ मार्च

बेंचवरच्या एबीएसची आवर्तनं खोल जात होती, चाक जरा जास्तच घसरून मग सावरत होतं. ईसीयूवर संशय घेण्याआधी लूपमधला उशीर मोजायचं ठरलं. चेंबरवरच्या प्रेशर सेन्सरपासून मॉडेल, मॉडेलपासून सिग्नल जनरेटर, जनरेटरपासून ईसीयूच्या पिनपर्यंत.

मोठा वाटा सापडला तो प्रेशर सेन्सरच्या कंडिशनरमध्ये. बेंचच्या पुरवठादाराने तिथे २० हर्ट्झचा लो-पास फिल्टर लावून दिला होता, आलेख गुळगुळीत दिसावेत म्हणून. पहिल्या प्रतीच्या अशा फिल्टरचा कालांक ८ मिलिसेकंद. शिवाय गणनेची एक पायरी, डेटा वाहून नेण्याची एक पायरी. गाडीत दाब चेंबरमध्ये चढला की टॉर्क त्याच क्षणी लागतो, तिथे हा फिल्टर कुठेच नाही. म्हणजे आपण ईसीयूला उशिरा वागणारी गाडी दिली होती आणि ते तिच्यावर जमेल तेवढं नियंत्रण करत होतं. फिल्टर खूप वर नेला, गोंगाट वाढला, आवर्तनं उथळ झाली.

आलेख कुणाला दाखवायचे असतील तेव्हा नंतर गुळगुळीत करा, लूपमध्ये नको.

२५ मार्च

ट्रेलरची जोडणी. इथे दोन वाटा आहेत: हवेची पिवळी कंट्रोल लाइन आणि आयएसओ ११९९२ या प्रमाणाची विजेची. विजेच्या वाटेने दर १० मिलिसेकंदाला ब्रेकची मागणी जाते, त्यामुळे ट्रेलरचे ब्रेक पुढच्या गाडीच्या जवळपास बरोबरीने लागतात आणि ट्रेलर मागून ढकलत नाही.

सकाळभर संवादच होईना. ही कॅनच आहे, पण नेहमीची नाही. वेग १२५ किलोबिट, एकास एक जोडणी, आणि सिग्नलची पातळी गाडीच्या २४ व्होल्टच्या प्रमाणात ठरते. लांब केबल, गंजके कनेक्टर, ओलावा हे सगळं गृहीत धरून ती अशी केली आहे. बेंचवर साध्या कॅनचा ट्रान्सीव्हर होता. योग्य बदलल्यावर दोन्ही टोकं बोलू लागली.

दुपारी तोडफोड. नियम म्हणतो की कंट्रोल ट्रान्समिशनमधला ४० मिलिसेकंदांपेक्षा कमी काळाचा तात्पुरता बिघाड सर्व्हिस ब्रेकच्या कामगिरीवर जाणवता कामा नये. म्हणून केबल ३० मिलिसेकंद तोडली, मग ५०, मग कायमची. ३० ला ट्रेलरने शेवटची मागणी धरून ठेवली, चेंबरच्या दाबात हालचाल नाही. कायमच्या तोडीत ट्रेलर हवेच्या लाइनवर गेला आणि दिवा लागला. हे सगळं स्थिर ब्रेकिंगमध्ये. जोरात ब्रेक दाबत असतानाच्या चढत्या भागात नेमकी तोड केली तर हवेची लाइन अजून भरलेली नसते, आणि ट्रेलरचा दाब क्षणभर खाली येऊन पुन्हा चढतो. किंग-पिनवरच्या बलात त्याचा टोला स्पष्ट दिसला. दोष म्हणावा असं काही नाही, पण किती टोला चालेल याला आपल्या विनिर्देशात आकडाच नाही. विनिर्देश लिहिणाऱ्यांकडे प्रश्न पाठवला.

ट्रॅकवर हा क्षण हाताने पकडता येत नाही. बेंचचं खरं मोल मला इथे दिसतं.

२ एप्रिल

बिघाडांची यादी. आयएसओ २६२६२ (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेचं प्रमाण) ची २०११ ची आवृत्ती साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी कारपुरती होती, २०१८ च्या आवृत्तीत ट्रक, बस आणि ट्रेलर आले. त्यामुळे बिघाड मुद्दाम घालून बघणं आता ट्रकवाल्यांच्याही नित्याच्या कामात आलं आहे.

प्रत्येक तार तोडा, प्रत्येक तार जमिनीला लावा, प्रत्येक तार पुरवठ्याला लावा, आणि हे प्रत्येक चाचणीच्या प्रत्येक टप्प्यावर करा, असा गुणाकार केला तर यादी कधीच संपत नाही. निवड करताना मी एकच कसोटी लावली: बिघाडाच्या क्षणी ईसीयू काय करत होतं? उभ्या गाडीत सेन्सर तुटला तर ते दिवा लावून मोकळं होतं. एबीएसच्या आवर्तनात, चांगल्या बाजूचा दाब अर्धवट धरलेला असताना तोच सेन्सर तुटला तर पुढच्या क्षणी काय करायचं याचा निर्णय त्याला घ्यावा लागतो. यादी त्या दुसऱ्या प्रकाराने भरली.

पूर्ण वीज जाण्याची धाव: ईसीयूचा पुरवठा काढला, बॅकअपच्या व्हॉल्व्हनी पेडलखालची हवा थेट आत घेतली. ब्रेक लागतो, पण उशिरा, आणि एबीएसशिवाय. दुय्यम ब्रेकिंगची ट्रकसाठीची किमान मर्यादा २.२ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, त्याच्या बरेच वर आहोत. रिकाम्या गाडीत मात्र मागची चाकं लॉक झाली. बॅकअपला भार कळत नाही. अपेक्षित आहे, नोंदवून ठेवलं.

व्होल्टेजचे खड्डे अजून बाकी.

१० एप्रिल

पीसीवरच्या धावा. रात्री लावलेल्यांपैकी बऱ्याच 'संख्या नाही' असं म्हणून मेल्या. दोष हवेच्या मॉडेलचा.

हवा छिद्रातून जाते तेव्हा दोन कारभार असतात. पलीकडचा निरपेक्ष दाब अलीकडच्याच्या ठरावीक भागापेक्षा कमी असेल तर प्रवाह ध्वनीच्या वेगाला अडतो आणि पलीकडे काय आहे याची त्याला पर्वा उरत नाही. आदर्श नॉझलला तो भाग ०.५२८, खऱ्या व्हॉल्व्हला बहुधा याहून कमी. याचा एक उपयोगी निष्कर्ष: चेंबर बाहेर मोकळा करताना गेजवरचा दाब ०.९ बारच्या वर असेपर्यंत आदर्श नॉझल अडलेलाच असतो, म्हणून दाब उतरण्याचा वेग फक्त आतल्या दाबावर ठरतो. तो भाग छान वागतो. त्रास होतो तो दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ समान झाल्यावर. तिथे प्रवाहाच्या वक्राचा चढ अनंत होतो, एका पायरीत हवा या बाजूला, पुढच्या पायरीत परत, असं ते हेलकावत राहतं. रिले व्हॉल्व्हच्या छोट्याशा कंट्रोल चेंबरमध्ये तर हे लगेच घडतं, कारण थोड्याशा हवेने तिथला दाब उडी मारतो.

गुणोत्तर ०.९९ च्या पुढे गेलं की वक्राऐवजी सरळ रेषा, आणि सर्वात लहान आकारमानांसाठी अव्यक्त पद्धत. धावा आता पूर्ण होतात. बेंचवरच्या २० फेब्रुवारीच्या आलेखांवर पीसीचे आलेख ठेवले: चढाव जुळला, सपाट पायरी जुळली, उताराच्या शेपटीत पीसी थोडा घाईत आहे. एक्झॉस्टमधल्या सायलेन्सरचा अडथळा मॉडेलमध्ये नव्हता, तो घालतोय.

२१ एप्रिल

ट्रॅकवरचा डेटा आला. ओला बेसॉल्ट, ओलं डांबर, आणि एकावरून दुसऱ्यावर जाणारी धाव.

पहिली प्रतिक्रिया खूप चांगली: पुढच्या चाकांची आवर्तनं बारकाव्यासह जुळतात. मागच्या ॲक्सलवर फरक आहे, मॉडेलमधली चाकं लवकर सावरतात. सस्पेन्शनमधला एअर-बेलो आणि ब्रेकच्या ओढीने ॲक्सलचं फिरणं आपण सोपं केलं आहे, तिथे बघावं लागेल. चांगल्या पकडीवरून वाईटावर उतरण्याच्या क्षणी ईसीयू दाब किती लवकर सोडतं हे बेंचवर आणि ट्रॅकवर जवळपास सारखं आलं. मला याच धावेची सर्वात जास्त धास्ती होती.

आता मोह सुरू होतो. प्रत्येक धावेसाठी पकडीचा आकडा थोडा-थोडा हलवला तर सगळे आलेख एकमेकांवर बसतात. आणि तो हलवायला सबबही आहे, कारण खऱ्या पट्ट्यावर पाण्याचा थर सगळीकडे सारखा नसतो, पकड मीटरामीटराला बदलते. पण असं केलं की मॉडेल काहीच सांगत नाही, ऐकलेलं परत म्हणतं. ठरलं असं: काही धावा फक्त जुळवण्यासाठी, बाकीच्या कुलपात. जुळवणी संपल्यावर आकडे गोठवायचे आणि मगच कुलपातल्या धावा उघडायच्या. मॉडेल जुळवणाऱ्याला कुलपाची किल्ली द्यायची नाही. यावर थोडी नाराजी झाली, मी ठाम राहिलो.

२९ एप्रिल

कुलपातल्या धावा उघडल्या. थांबण्याचं अंतर सगळीकडे ठरवलेल्या पट्ट्यात. स्टिअरिंगचा कोन दोन धावांमध्ये पट्ट्याबाहेर, दोन्ही स्प्लिट-म्यूच्या. ११ मार्चची शंका खरी ठरते.

त्यावरून वाटणी. नियम १३ च्या २१ व्या परिशिष्टात स्थिरता-नियंत्रणासाठी सिम्युलेशनला जागा आहे: प्रत्यक्ष चाचणी झालेल्या गाडीशी साधन पडताळून घेतलं की तिच्या भावंडांसाठी, म्हणजे वेगळा व्हीलबेस, वेगळी गुरुत्वमध्याची उंची यांसाठी ते वापरता येतं. तो मार्ग धरायचा. जे-टर्न (एक वळणाची चाचणी) आणि दुहेरी लेन बदल हे मॉडेलवर, मूळ गाडीच्या ट्रॅक-धावांच्या आधाराने. केबलचे आणि सेन्सरचे बिघाड पूर्णपणे बेंचवर. स्प्लिट-म्यूचं स्टिअरिंग ट्रॅकवर, माणसाच्या हाताने, मॉडेलचा उपयोग फक्त कोणतं कॅलिब्रेशन तिथे न्यायचं ते निवडायला.

किंग-पिनच्या टोल्याच्या मर्यादेचं उत्तर अजून आलेलं नाही, स्मरणपत्र गेलं. मागच्या सस्पेन्शनचं मॉडेल बदलून झालं की १८ मार्चच्या धावा पुन्हा करायच्या. ट्रॅकची पुढची वेळ मागितली आहे. रिकामा आणि भरलेला, दोन्ही ट्रेलर लागतील, आणि निघण्याआधी प्रत्येक ॲक्सलचं वजन काट्यावर घेऊन मॉडेलच्या फाइलमध्ये भरायचं आहे.